हळू आवाजातलं प्रेम



गेल्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगी शिकलेली, जालन्याला नोकरी करणारी. एका संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘मामू, मला मराठीतली पाच प्रेमगीतं सांगा. चांगली. त्यांना पाठवायची आहेत.’’ ‘त्यांना’ म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला. तोही परभणीकडचा, मराठी शाळेत शिकलेला. मी विचारलं, ‘‘पाचच का?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘जास्त पाठवली तर ते ऐकायचे नाहीत.’’

‘उद्या सांगतो’ म्हणून मी फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो. गाणी आठवायला वेळ लागला नाही. पण एकेक नाव लिहिताना मनात यायचं, हे असं हळुवार बोलायला आपल्याला शिकवलं कुणी? कारण माझ्या घरात, माझ्या गावात, असं कुणी बोलताना मी ऐकलेलं नव्हतं. त्या रात्री जे आठवलं, ते आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

माझं गाव केदारखेडा. जालन्याहून भोकरदनकडे जाताना पूर्णा नदीच्या काठी लागतं. माझे वडील पिंजारी. गाद्या, रजया, उशा. पिंजणाच्या तारेचा तो ‘टणत्कार’ ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. अब्बा अम्मीला कधी नावाने हाक मारत नसत. ‘अजी सुनती क्या’ किंवा माझ्या थोरल्या बहिणीचं नाव घेऊन ‘अमकीची माँ’. अम्मीही तशीच. शेजारी पाटलांच्या वाड्यात हीच रीत. पाटलीणबाई पतीला ‘अहो’ म्हणायच्या आणि पाटील त्यांना ‘ऐकलं का’ म्हणायचे. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर लग्नात, डोहाळजेवणात, उखाण्याच्या आडून. चार ओळींचं कुंपण घालायचं आणि मधे हळूच ते नाव ठेवायचं. धर्म दोन, पण लाज एकच होती.

म्हणजे प्रेम नव्हतं का? होतं. बोलायची सोय नव्हती.

गंमत अशी, की याच मातीत दोन हजार वर्षांपूर्वी माणसं प्रेमाबद्दल मोकळेपणी बोलत होती. पैठणच्या सातवाहनांच्या काळात हाल राजाच्या नावाने ‘गाथासप्तशती’ संकलित झाली. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. त्यात देवांचा आणि राजांचा तोरा फारसा नाही. शेतकरी आहेत, वाटसरू आहेत, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका आहेत, गोदावरीचा काठ आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती मराठीत सविस्तर आणली, म्हणून माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसालाही ती वाचता आली. वाचताना वाटलं, अरे, ही तर आपल्याच शिवारातली माणसं!

आमच्या तालुक्याचं गाव भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात ती व्यापारी पेठ होती. तिथे १९७० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. अर्धी तुटलेली. तिच्यासारखीच एक मूर्ती त्याआधी १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत सापडली होती. ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलेलं ते शहर. ती मूर्ती भोकरदनच्याच बाजूला घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. दागिन्यांनी मढलेली, केस सावरणारी ती बाई इथून समुद्रापार गेली असेल, तर आपल्या भागाने जगाला कापूस आणि ज्वारीच दिली असं म्हणता येणार नाही. शृंगारही दिला.

मग पुढे हा शृंगार गेला कुठे? जात्यावरच्या ओवीत बाईचं मन सगळं आलं, पण तिथे भाऊ येतो, लेक येतो, विठोबा येतो. नवरा येतो तो बराचसा आडून. आणि उघडपणे आला तो लावणीत. लावणीबद्दल मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पेशवाईच्या शेवटच्या काळात होनाजी, रामजोशी, प्रभाकर, परशराम यांच्या बरोबरीने ज्याचं नाव घेतलं जातं, तो सगनभाऊ जातीने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा, आणि धर्माने मुसलमान. जेजुरीचा. त्याच्या लावण्या त्या काळी फडाफडांतून गायल्या गेल्या. मराठी शृंगाराच्या पेठेत आमचं दुकान तेव्हापासूनचं आहे.

पण लावणी हे फडावरचं गाणं. समोर शंभर माणसं, ढोलकी कडाडते आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं तर आवाज चढाच लागणार. त्यात नजाकत आहे, ठसका आहे. मात्र एका माणसाने एका माणसाच्या कानाशी बोलावं, तसं ते नाही. ते ऐकायला बायका नसत. घरातली बाई तर मुळीच नसे.

कानाशी बोलण्याची रीत आमच्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसऱ्या एका भाषेत चालू होती. अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी तिथे गझल लिहीत होते. त्यांच्या आधी वली. दख्खनच्या या बोलीतल्या शायरीचा कित्ता पुढे दिल्लीकरांनी गिरवला. गझलेत दोनच माणसं असतात, बोलणारा आणि जिच्याशी बोलायचं ती. तिसरा ऐकत असला तरी त्याच्याकडे बघायचं नसतं. म्हणजे एकाच मुलखात, एकाच पाणवठ्यावर, मराठी आणि दख्खनी अशा दोन भाषा शेजारी नांदत होत्या. एकीजवळ फडावरची शाहिरी होती, दुसरीजवळ कुजबुज.

या दोघींची लिखित गाठ घालून दिली ती एका फारसीच्या प्राध्यापकाने. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन. पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात ते फारसी शिकवत. १९२५ मध्ये त्यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ हा संग्रह दिला. गझलेची वृत्तं मराठीत रुळवण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न. त्यांचं रविकिरण मंडळ कविता नुसती छापत नसे, ती गाऊन दाखवत असे. कविता गायची असते, हे मध्यमवर्गीय घरांना त्यांनी पटवलं.

आता उरला आवाज. तो हळू झाला यंत्रामुळे. साधारण १९२५ नंतर ध्वनिमुद्रणात विजेवर चालणारा मायक्रोफोन आला. तोपर्यंत गायकाला भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागे. मायक्रोफोन आला आणि पुटपुटलेलंही तबकडीवर उमटू लागलं. हे जगभर झालं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी अशाच गुणगुणत्या गळ्याने घराघरांत पोचला. जपानमध्ये १९३१ साली फुजियामा इचिरो या तरुण गायकाने कोगा मासाओ या संगीतकाराचं एक दुखऱ्या मनाचं गाणं मायक्रोफोनजवळ अगदी हलक्या आवाजात गायलं आणि सगळा देश त्या गाण्यामागे लागला. जपानी प्रेमगीताची नवी चाल तिथून पडली.

आणि जवळपास त्याच वर्षांत, आमच्या जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी या तरुणाने गायली. हिज मास्टर्स व्हॉइसने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना जाणकार या तबकडीकडे बोट दाखवतात. रानातून येणारी शीळ आणि ती ऐकून जीव कासावीस झालेली मुलगी, एवढाच ऐवज. ना फड, ना ढोलकी. टोकियो आणि मेहकर यांचा एकमेकांना पत्ता नव्हता. यंत्र एक होतं आणि माणसाची गरज एक होती.

यानंतरचं काम रेडिओने केलं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी पसंत नव्हती. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओ सिलोनकडे काटा फिरवला आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण त्या काळात एक चांगलं काम झालं. सिनेमाला पर्याय म्हणून आकाशवाणीच्या केंद्रांत सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवींना शब्द मागितले गेले, संगीतकारांना चाली. यशवंत देव याच विभागात होते. ‘शब्दप्रधान गायकी’ हा त्यांचा विचार आणि त्याच नावाचं त्यांचं पुस्तकही. गाणाऱ्याने आधी शब्दाचा मान ठेवावा, तान नंतर. आमच्या मराठवाड्यातले, नांदेडचे कवी वा. रा. कांत यांनी निजामाच्या काळातल्या रेडिओवर काम केलं आणि पुढे ते मुंबई आकाशवाणीत गेले. निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू. त्या वातावरणात वाढलेल्या या कवीने मराठीला बगळ्यांच्या माळेचं गीत दिलं. श्रीनिवास खळे यांनी त्याला चाल लावली आणि वसंतराव देशपांडे ते गायले.

आता माझ्या भाचीच्या यादीतलं मुख्य नाव. अरुण दाते. जन्म १९३४, गाव इंदूर. वडील रामूभैया दाते म्हणजे मोठे रसिक. गवयांचा राबता असलेलं घर. लहानपणी कुमार गंधर्वांचं मार्गदर्शन लाभलेलं. पुढे कापडनिर्मितीच्या शाखेतले इंजिनीअर झाले आणि कित्येक वर्षं नोकरी करून गायले. पण सुरुवातीला ते गायचे काय? उर्दू गझल. श्रीनिवास खळे यांनी त्यांचा आवाज रेडिओवर ऐकला तो गझल गाताना. खळ्यांना मंगेश पाडगावकरांच्या एका गीतासाठी असाच आवाज हवा होता. दाते तयार होईनात. आपण इंदूरचे, आपल्या मराठीला हिंदीचा वास, मुंबई-पुण्याचे लोक हसतील, ही भीती. खळ्यांनी हट्ट सोडला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजात ते गीत मुद्रित झालं. ते म्हणजे ‘शुक्रतारा’. पुढे याच नावाने दात्यांनी गावोगावी दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले. २०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. त्याच वर्षी यशवंत देवही गेले.

या प्रसंगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठीतलं इतकं लाडकं प्रेमगीत गायला ज्याला बोलावलं, तो मराठी मुलखाबाहेर वाढलेला होता, आणि बोलावण्याचं कारण त्याची गझल होती. ज्या कुजबुजीला मराठीत जागा नव्हती, ती गझलेने शिकवलेल्या गळ्यातून मराठीत आली. सुधाताईही मूळच्या हिंदी गायिका. आपल्या मराठीला लोक हसतील म्हणून घाबरलेल्या माणसाने मराठी तरुणांना प्रेमाचे शब्द उच्चारायला शिकवले.

माझ्याशी या गोष्टीचं नातं आहे. मी मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा आमच्या एका बुजुर्ग नातलगांनी विचारलं, ‘‘शायरीच करनी थी, तो उर्दू में क्यों नहीं?’’ आणि एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली, ‘‘हे मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी लिहितात, बघा!’’ टाळ्या पडल्या. दोघांच्याही मनात वाईट नव्हतं. पण दोघांनीही मला उंबरठ्यावरच उभं केलं. एकाने म्हटलं, आमच्यातून गेलास. दुसऱ्याने म्हटलं, आमच्यात आलास. मी कुठून गेलो नव्हतो आणि कुठे आलोही नव्हतो. मी केदारखेड्यातच होतो.

आमच्या घरात गाणी आली ती जपानी यंत्रातून. १९८४ साली माझे धाकटे मामू जेद्दाहून सुट्टीवर आले. त्यांनी अम्मीसाठी नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन आणला. एका बाजूला रेडिओ, एका बाजूला टेप. गावात तेव्हा ती मोठी अपूर्वाई. अम्मी दिवसभर स्वयंपाकघरात तो हळू लावून ठेवायची. औरंगाबाद लागायचं, कधी परभणी. अम्मीला मराठी वाचता यायचं नाही. कळायचं मात्र सगळं.

एक संध्याकाळ आठवते. पावसाळ्याचे दिवस. अब्बा ओसरीवर कापूस पिंजत होते. आत रेडिओवर ‘शुक्रतारा’ लागलं आणि पिंजण थांबलं. मला वाटलं तार तुटली. बाहेर येऊन पाहिलं तर अब्बा हातात मुठळा धरून तसेच बसलेले, अंगावर कापूस. गाणं संपलं, बातम्या लागल्या, पिंजण पुन्हा सुरू झालं. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की ते गाणं लागलं की अम्मी आवाज थोडा मोठा करते आणि बाहेरची तार थांबते. त्या दोघांचं तेवढंच बोलणं. पुढे मी जालन्याहून अरुण दात्यांची कॅसेट आणली. ती इतकी वाजली, की फीत ताणून आवाज जड झाला.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत सुरेश भटांच्या गझला आल्या. खरं तर त्या आधीपासून होत्या. ‘रूपगंधा’ १९६१ चा, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ चा. आमच्यापर्यंत त्या पोचल्या ‘उंबरठा’ या १९८२ च्या चित्रपटातून. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांची चाल. माधव जूलियनांनी गझलेचं वृत्त आणलं होतं, भटांनी तिचा स्वभाव आणला. दोन ओळींत एक अख्खं दुःख. त्यांनी नवख्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि कितीतरी पोरांना हाताशी धरलं. पुढे सांगली जिल्ह्यातल्या दूधगावचे इलाही जमादार आले. त्यांच्या गझला भीमराव पांचाळे यांनी गावागावांत नेल्या. २०२१ मध्ये इलाही गेले, तेव्हा मला सगनभाऊ आठवला. दोघांच्या मधे जवळजवळ दोनशे वर्षं. पण हात तोच, धार लावणारा.

अम्मी २००६ साली गेली. चाळीसावा झाल्यावर पाहुणे पांगले. घर एकदम मोठं वाटायला लागलं. एका रात्री अब्बांनी मला हाक मारली. त्यांच्यापुढे तो जुना टू-इन-वन होता. त्यांनी स्वतः जाऊन नवे सेल आणले होते. म्हणाले, ‘‘वो शुक्रतारा लगा रे.’’ मी कॅसेट लावली. फीत जीर्ण, आवाज कधी जड, कधी बारीक. अब्बा ऐकत राहिले. गाणं संपल्यावर बंद करायला गेलो, तर ते भिंतीकडे पाहत एक शब्द बोलले. तो अम्मीच्या नावाचा होता. नुसतं नाव. माझ्या उभ्या आयुष्यात अब्बांच्या तोंडून अम्मीचं नाव मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. ते नाव मी इथे सांगत नाही. ते त्यांचंच राहू दे.

त्या रात्री मला कळलं, की पिंजण थांबवून अब्बा इतकी वर्षं काय ऐकत होते. त्यांना जे बोलता येत नव्हतं, ते कुणीतरी त्यांच्या वतीने बोलत होतं. आणि आत चुलीपाशी बसलेल्या बाईला ते पोचत होतं. अब्बांना उखाणा येत नव्हता. त्यांनी रेडिओच्या आडून नाव घेतलं होतं.

आता कुणी म्हणेल, ही गाणी जुनी झाली. आजच्या मुलांना नाव घ्यायची लाज नाही. खरं आहे. माझी भाची होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर नावानेच बोलते आणि मला त्याचा आनंद आहे. आम्ही जी लाज पाळली, तिचा मी गौरव करणार नाही. त्या लाजेपायी कितीतरी बायकांना आपण कुणाला हव्या आहोत, हे मरेपर्यंत कळलं नाही. या गाण्यांनी त्या लाजेला एक खिडकी पाडली, हे त्यांचं काम. आणि हळू बोलणं म्हणजे लाजणं नव्हे, हेही त्यांनी शिकवलं. मोठ्याने सांगितलेलं प्रेम गावाला कळतं. हळू सांगितलेलं ज्याला सांगायचं त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला यादी कळवली. पहिलं, ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’, कारण तिथून वाट सुरू होते. दुसरं, वा. रा. कांतांचं बगळ्यांच्या माळेचं गीत. कारण तो आपल्या मराठवाड्याचा कवी. तिसरं, कांतांचंच, दात्यांनी गायलेलं ‘सखी शेजारिणी’. कारण प्रेम मिळालं नाही तरी माणसाने कसं वागावं, हे त्यात आहे. चौथं, पाडगावकर, यशवंत देव आणि दाते यांची ‘भातुकली’. कारण सुखाच्या दिवसांतही अर्ध्यावर मोडलेल्या डावांची आठवण ठेवावी. पाचवं कुठलं, ते तुम्ही ओळखलं असेलच.

संध्याकाळी तिचा निरोप आला. तिने पाचही पाठवली होती आणि त्याने पाचही ऐकली होती. मग तिने विचारलं, ‘‘मामू, पाचवं नाना-नानींचं ना?’’ मला वाटत होतं, ते फक्त मलाच ठाऊक आहे. तिची आईही त्याच घरात वाढली, हे मी विसरलो होतो.

श्रोतेहो, तुमच्याही घरात असं एखादं गाणं असेल. एखाद्या संध्याकाळी ते लावा. आवाज फार मोठा करू नका. आणि ज्याचं नाव घ्यायचं राहून गेलं आहे, ते माणूस हयात असेल, तर ते नाव आजच घ्या.



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)